सैन्यांच्या वाटा, सुट्टीच्या गाड्या

युरोपात गाडीने हिंडायचं म्हटलं की डोळ्यांपुढे जर्मनीचा ऑटोबान येतो. तिथल्या गुळगुळीत डांबरावर साधी हॅचबॅकही मजेत पळते. तरीही दर उन्हाळ्यात टपावर तंबू, बाजूला फावडं आणि बोनेटवर सुटं चाक असा जामानिमा केलेल्या फोर बाय फोर गाड्या आल्प्सकडे निघालेल्या दिसतात. त्या जातात कुठे? युरोपातल्या ज्या उंच कच्च्या रस्त्यांवर आजही कायद्याने गाडी नेता येते, त्यांतले बरेच कधीकाळी सैन्यांनी तोफा, खेचरं आणि रसद चढवण्यासाठी खोदले. सीमा सरकल्या, राजवटी गेल्या, रस्ते उरले.

गाडीचं घराणंही लष्करीच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलीज जीप घडवली. युद्ध संपल्यावर रोव्हर कंपनीचे अभियंते मॉरिस विल्क्स यांच्याकडे वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या शेतावर अशीच एक जीप होती. तिच्या धर्तीवर त्यांनी शेतकऱ्यांसाठी गाडी आखली आणि 30 एप्रिल 1948 रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर लोकांपुढे आली. पोलादाची टंचाई होती म्हणून पत्रा ॲल्युमिनियमचा, आणि रंग सैन्याच्या उरल्यासुरल्या साठ्यातला हिरवा. त्याच विलीज जीपची जुळणी मुंबईत महिंद्राने सुरू केली, तेव्हा या खानदानाशी आपली ओळख जुनीच म्हणायची. लँड रोव्हरच्या त्या घराण्यातली जुनी डिफेंडर 29 जानेवारी 2016 रोजी बंद झाली. पण डोंगरी रस्त्यांवर अजून तिचाच दबदबा आहे.

रस्ता सोडायची मुभा नाही

फोर बाय फोर घेतली म्हणजे वाटेल त्या रानात घुसता येतं, हा समज युरोपात पहिल्याच दिवशी महागात पडतो. फ्रान्सने 3 जानेवारी 1991 च्या कायद्याने निसर्गक्षेत्रात रस्ता सोडून मोटार चालवायला बंदी केली. नॉर्वेत 1957 च्या कायद्याने माणसाला मोकळ्या रानात हिंडायचा आणि वस्तीपासून 150 मीटर अंतर राखून तंबू ठोकायचा हक्क आहे. पण तो हक्क माणसाचा, त्याच्या गाडीचा नव्हे. ऑस्ट्रियात जंगलखात्याच्या रस्त्यांवर खासगी गाडीला मज्जाव असतो. बोस्नियाची गोष्ट वेगळी. तिथे 1992 ते 1995 च्या युद्धात पेरलेले सुरुंग काही डोंगरांत अजून आहेत. लाल पाटीवर कवटी दिसली की डांबर सोडायचं नाही, नैसर्गिक विधीसाठीसुद्धा नाही.

मग उरतात ते अधिकृत कच्चे रस्ते. इटलीच्या पिएमोंत प्रांतातला असिएत्ताचा रस्ता त्यांतला नामांकित. दोन खोऱ्यांच्या मधल्या धारेवरून तो दोन हजार मीटरांहून उंच धावतो. इथल्याच खिंडीत 1747 साली पिएमोंतच्या सैन्याने फ्रेंचांना परतवलं. आता जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी आणि शनिवारी दिवसा मोटारी बंद असतात, म्हणजे पायी जाणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना धूळ खावी लागत नाही. फ्रान्सच्या सीमेला खेटून जाणारी, लिमोने ते मोनेसी ही मिठाची वाटही लष्कराने रुंद केलेली. जुन्या किल्ल्यांच्या अंगाखांद्यावरून जाणाऱ्या या वाटेवर टोल आहे, रोज ठरावीकच गाड्या सोडतात आणि मंगळवारी-गुरुवारी मोटारींना सुट्टी असते. अशा वाटांवर लो गिअर आणि जमिनीपासूनची उंची कामी येते. टायरमधली हवा थोडी कमी केली की धोंड्यांचे धक्के कमी बसतात. डांबरावर परतताना मात्र ती पुन्हा भरावीच लागते, म्हणून छोटा कंप्रेसर सोबत हवा.

फ्रान्समधला पार्पायों हा रस्ता या साऱ्यांत अंगावर येणारा. अडीच हजार मीटरांहून उंचावर सैन्याने डोंगरातून सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा बोगदा आरपार काढलाय. आत दिवे नाहीत. भर उन्हाळ्यातही छतातून पाणी ठिबकतं, तळाला चिखल किंवा बर्फ असतो, आणि हेडलाइटच्या उजेडात भिंतीवरचे छिन्नीचे घाव दिसतात. समोरून गाडी आली तर कोणीतरी मागे जायचं. म्हणून आत शिरण्याआधी इंजिन बंद करून पलीकडच्या तोंडाशी दिवा दिसतो का, हे पाहून घेतलेलं बरं.

डांबरी रस्त्यांचंही मूळ फारसं वेगळं नाही. इटलीतला 2757 मीटर उंचीचा स्तेल्व्हियो घाट ऑस्ट्रियन साम्राज्याने 1820 ते 1825 या काळात कार्लो दोनेगानी या अभियंत्याकडून बांधून घेतला. त्याच्या उत्तर उतारावर 48 नागमोडी वळणं आहेत, आणि प्रत्येकाला क्रमांकाची पाटी. लांब चाकांतराची गाडी असेल तर काही वळणं एका दमात निघत नाहीत. मागेपुढे करावं लागतं आणि मागचे हॉर्न ऐकावे लागतात. रुमानियातला ट्रान्सफागाराशान तर अगदी अलीकडचा. 1968 मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्यावर रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याने धसका घेतला आणि 1970 ते 1974 दरम्यान सैनिक लावून कार्पेथियन पर्वतावरून हा रस्ता काढला. तो 2042 मीटरपर्यंत चढतो आणि वरचा भाग साधारण जुलै ते ऑक्टोबर एवढाच उघडा असतो. हल्ली तिथे रस्त्याच्या कडेला अस्वलं येऊन बसतात. काच खाली करून त्यांना खाऊ देणं बेकायदेशीर आहे आणि जिवाशी खेळही.

उंची, धूर आणि उजवं स्टिअरिंग

चिखलापेक्षा जास्त डोकेदुखी होते ती शहरांत आणि टोलनाक्यांवर. फ्रान्सच्या महामार्गांवर दोन मीटरपर्यंत उंचीची गाडी पहिल्या वर्गात मोडते. त्याहून उंच, तीन मीटरपर्यंतची, दुसऱ्या वर्गात, आणि टोल वाढतो. जुनी डिफेंडर मुळातच त्या रेषेच्या वर. हीच उंची तळघरातल्या पार्किंगच्या आडव्या दांड्यापाशी पुन्हा आडवी येते. टपाची ताकदही बघायची असते. नव्या डिफेंडरचा टप गाडी उभी असताना 300 किलो पेलतो, पण धावताना 168 किलोच. म्हणजे तंबू, फावडी, डबे सगळं वर चढवून मोकळं होता येत नाही.

स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी वर्षभराचा 40 फ्रँकचा पास घ्यावाच लागतो, तुम्ही एक दिवस जा की महिनाभर. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, हंगेरी, चेकिया यांचे पास थोड्या दिवसांचेही मिळतात आणि आता ऑनलाइन काढता येतात. धुराचे नियम त्याहून कडक. जर्मनीच्या अनेक शहरांत काचेवर हिरवा बिल्ला नसेल तर मधल्या भागात प्रवेश नाही. लंडनमध्ये युरो 6 या धुराच्या मानकाआधीच्या डिझेल गाडीला दिवसाला 12.50 पौंड मोजावे लागतात. इटलीच्या जुन्या गावांत तर रहिवाशांव्यतिरिक्त कोणाची गाडी शिरली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते.

ब्रिटनमधून किंवा भारतातून नेलेल्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असतं, आणि मुख्य भूमीवर वाहतूक उजव्या बाजूने. टोलची खिडकी डावीकडे येते. शेजारी बसलेल्याने पट्टा सोडून, काच खाली करून, अर्धं अंग बाहेर काढून कार्ड टेकवायचं. ट्रकला ओलांडायचं तर चालकाला पुढचं काही दिसत नाही; मग एसटीच्या कंडक्टरसारखं ‘येऊ दे, येऊ दे, थांब!’ हे कामही शेजाऱ्याचंच. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून काचेवर चिकटपट्ट्या लावाव्या लागतात, हे वेगळंच.

भारतातून गाडी नेताना

आपलीच गाडी न्यायची हौस असेल तर सोपा मार्ग न्हावा-शेव्याहून कंटेनरचा. साध्या कंटेनरच्या दाराची उंची साधारण 2.28 मीटर, त्यामुळे टपावरचा तंबू उतरवावा लागतो किंवा उंच कंटेनर घ्यावा लागतो. इराणसारख्या देशातून रस्त्याने जायचं असेल तर कारनेट लागतं. गाडी परत नेऊ, विकणार नाही, याची ती हमी असते. मुंबईतली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना आरटीओत मिळतो.

खरी मेख दिवसांची. युरोपीय संघात परदेशी गाडी सहा महिने राहू शकते. चालकाला मात्र शेंगेन व्हिसावर 180 दिवसांतले 90 दिवसच मिळतात. पूर्वी मुक्काम लांबवायचा असला की लोक क्रोएशिया, रुमानिया, बल्गेरियात जाऊन दिवस काढत. क्रोएशिया 2023 मध्ये आणि उरलेले दोन 2025 च्या पहिल्या दिवशी शेंगेनमध्ये पूर्णपणे सामील झाले, तेव्हा तो आसरा गेला. आता लांबच्या मोहिमा अल्बानिया, माँटेनेग्रो, सर्बिया या बाजूंना वळतात, आणि अल्बानियाचे डोंगरी रस्ते त्या वळशाचं सोनं करतात.

आइसलँडचा अपवाद

जिथे फोर बाय फोर हौस नसून गरज आहे, असा एक देश म्हणजे आइसलँड. डेन्मार्कमधल्या हिर्तशाल्सहून फेरो बेटांमार्गे बोट गाडीसकट तिथे नेते. मधल्या पठारावरचे ‘एफ’ क्रमांकाचे रस्ते जूनअखेर-जुलैमध्ये उघडतात आणि त्यांवर कायद्याने फोर बाय फोरच चालते. आस्क्याच्या ज्वालामुखी परिसरात 1965 आणि 1967 साली अपोलो मोहिमेच्या अंतराळवीरांना भूशास्त्र शिकवलं गेलं, यावरून भूमीची कल्पना यावी. इथे बऱ्याच नद्यांवर पूल नसतात. हिमनदीचं पाणी दुपारी ऊन लागलं की चढतं, म्हणून नदी सकाळी पार करायची. पाणी पसरट दिसतं तिथे उथळ असतं. लो गिअर टाकायचा, डिफ लॉक करायचा, मध्ये गिअर बदलायचा नाही आणि प्रवाहाच्या किंचित खालच्या अंगाने, एकाच चालीने पलीकडे जायचं. इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं तर ते सिलिंडरमध्ये दबत नाही. पिस्टनचा दांडा वाकतो आणि इंजिन संपतं. भाड्याच्या गाडीचा विमा अशा नुकसानीला सहसा हात लावत नाही.

एकूण काय, पहिल्यांदा जाणाऱ्याने भारी विंच आणि चिखलाचे दातेरी टायर लावलेली गाडी घेऊ नये. साधे ऑल-टेरेन टायर, टपावर शक्य तितकं कमी ओझं आणि जुलैअखेर ते सप्टेंबर हा काळ एवढं पुरतं. आइसलँडची ओढ असेल तर गाडी तिथेच भाड्याने घ्यावी. आणि निघण्याआधी सामानासकट गाडीची उंची, वजन, धुराचा वर्ग आणि व्हिसाचे उरलेले दिवस एका कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवावेत. चिखलात रुतलेली गाडी फावड्याने निघते. यातल्या एका आकड्यात अडकली तर फावडं टपावरच राहतं.