कॉम्प्युटरला घाम येत नाही

एप्रिल-मे महिन्यांत सांगोल्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी छताचा पंखा सुरू केला की माणसाला बरे वाटते. वाऱ्याने अंगावरचा घाम वाळतो आणि वाळताना शरीरातली उष्णता घेऊन जातो. टेबलाखालच्या कॉम्प्युटरला मात्र घाम येत नाही. खोलीतली हवा ४० अंश असेल, तर कितीही पंखे लावले तरी त्याचा कोणताही भाग ४० अंशांखाली जात नाही. नवा कॉम्प्युटर असेंबल करून घेताना पंख्यांचा विचार इथून सुरू करावा.

समजा, एखादा प्रोसेसर कामाच्या भरात खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त तापतो. जानेवारीत खोली २५ अंश असताना तो ७५ अंशांवर राहील. मे महिन्यात तोच ९० वर जाईल. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. तापमान त्याहून वाढले, तर कॉम्प्युटर बंद पडतो आणि सेव्ह न केलेले काम जाते. हिवाळ्यात व्यवस्थित चालणारे मशीन उन्हाळ्यात अडखळते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

मग पंखे किती हवेत? प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ३०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतील आणि कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा फक्त १० अंशांनी गरम राहावी असे वाटत असेल, तर सेकंदाला सुमारे २७ लिटर हवा आरपार जावी लागते. पंख्याच्या खोक्यावर हे माप सीएफएममध्ये असते. त्या हिशेबाने ते सुमारे ५७ सीएफएम होते. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी आणि तारांच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात हवा कमी मिळते. तरीही पुढून दोन आणि मागून एक असे १२० मिलिमीटरचे तीन चांगले पंखे घरगुती मशीनला बहुधा पुरतात. रंगीत दिव्यांचे सहा-सात पंखे ही हौस झाली, गरज नव्हे.

जागा असेल तर १४० मिलिमीटरचा पंखा घ्यावा. तो कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतो, त्यामुळे आवाज कमी होतो. पंख्याचा वेग दुप्पट केला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. रात्री अभ्यास करणाऱ्याच्या कानांना आणि शेजारी झोपलेल्यांना हा फरक जाणवतोच. चार पिनांचा पंखा तापमानानुसार वेग सहज बदलतो, म्हणून तोच बरा. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधले वंगण उष्णतेत लवकर वाळते. बॉल किंवा फ्लुइड बेअरिंगचे पंखे जास्त टिकतात.

सांगोल्यासारख्या कोरड्या भागात दुसरा शत्रू धूळ. प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्ट्यांत धूळ साचली की त्यांतून हवाच जात नाही आणि महागडा पंखाही नुसता फिरत राहतो. त्यावर उपाय सोपा आहे. आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवावेत आणि त्यांच्या पुढे धुता येणारी जाळी बसवावी. आतला दाब किंचित जास्त राहिला की फटींमधून धूळ आत ओढली जात नाही. जाळीतून हवा खेचायची असल्याने पंख्याचा ‘स्टॅटिक प्रेशर’चा आकडाही पाहावा, तो जास्त असलेला पंखा अडथळ्यातूनही हवा ओढतो.

उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळी झटकावी. आतली सफाई वीज काढून, अंगणात आणि नाकातोंडाला रुमाल बांधून करावी. दमा असलेल्यांनी ती दुसऱ्याकडून करून घ्यावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे आणि टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडू नये. कूलरने खोली गार झाली तर कॉम्प्युटरलाही फायदा होतो, पण त्याचे तुषार कॅबिनेटवर येऊ देऊ नयेत. जास्तीच्या चौथ्या पंख्याआधी हे सारे करून पाहावे; त्याला खर्च जवळपास नाहीच.