आवाज चढा, की तबकडी वेगात?

मागच्या भागात मी एक विधान ठोकून दिलं होतं, ते आज आधी मागे घेतो.

नंदुरबारच्या घरी माझ्याकडे एकाच नाट्यपदाच्या दोन तबकड्या आहेत, गायकही एकच. जुनीत आवाज बारीक, गाणं घाईतलं. म्हणून मी म्हणालो, 'तरुणपणी ते असंच घाईनं गात.' शहाद्याचे माझे मामा भजनी मंडळात पेटी वाजवतात. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन : "गाणं सोड रे, मागची पेटी ऐक. पेटीचा आवाज कधी असा किनरा असतो का?"

मामांचं बरोबर होतं. या तबकड्यांना आपण सरसकट '७८च्या' म्हणतो, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. पण सुरुवातीच्या काळात हा वेग पक्का नव्हता. समजा, ध्वनिमुद्रण ७२ फेऱ्यांवर झालं आणि मी तबकडी ७८वर लावली, तर काय होईल? काळी एकचा सूर पांढरी दोनच्याही वर जातो आणि तीन मिनिटांचं गाणं पावणेतीन मिनिटांत उरकतं!

म्हणून तुलना करताना मी आता तीन गोष्टी बघतो.

पहिली, पेटी. गळा चढतो-उतरतो, पेटीच्या पट्ट्या जागच्या हलत नाहीत. पेटी नैसर्गिक वाटेपर्यंत वेग कमी करायचा; मग त्याच गायकाच्या त्याच काळातल्या इतर तबकड्यांशी पट्टी ताडून पाहायची.

दुसरी, काळ. १९२५च्या आधी मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गायचं. त्यामुळे आवाजाचा पातळपणा बऱ्याचदा यंत्राचा असतो, गळ्याचा नव्हे.

तिसरी, जागा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. रंगमंचावर 'वन्समोअर' घेत रंगणारं पद तिथे कापलंच जाणार. त्यावरून 'हे आटोपशीर गायचे' म्हणू नये.

एवढा खटाटोप कशासाठी? किर्लोस्कर मंडळींचे भाऊराव कोल्हटकर १९०१मध्ये गेले. ग्रामोफोन कंपनीचे गाइसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाला आले १९०२मध्ये. भाऊरावांचा आवाज आपल्याकडे नाहीच. ज्यांचा आहे, त्यांचा तरी पुढच्या पिढीला नीट वेगात ऐकवू.

दोन्ही तबकड्या दुरुस्त वेगात या भागाच्या शेवटी लावल्या आहेत. मामा, ऐकून सांगा.