अक्षरांची फॅशन आणि अक्षरांचे वळण

गेल्या सुट्टीत आम्ही बहारीनला नातेवाइकांकडे गेलो होतो. त्यांचे घर अमवाज आयलंड्सवर आहे. ही बेटे मुहर्रकच्या ईशान्येस समुद्रात भर घालून माणसाने तयार केली आहेत. जन्मापासून बेटावरच राहिलेल्या आम्हांला त्याचे मोठे नवल वाटले.

तेथे शेजारच्या एका मराठी मुलीशी ओळख झाली. पुण्यात शिकून ती आता ग्राफिक डिझाइनरचे काम करते. सध्या या कामात कसली फॅशन आहे, असे आम्ही तिला विचारले.

ती म्हणाली, "सर, काही वर्षे सर्वांना साधेपणाच हवा होता. नक्षी गेली, सावल्या गेल्या, आणि शेवटी सगळी बोधचिन्हे एकसारखी दिसू लागली. आता हाताने काढलेली, जाडजूड, रंगीत अक्षरे पुन्हा आवडू लागली आहेत."

पाण्याकाठी फिरताना तिने अरबी व इंग्रजी पाट्या दाखवल्या. अरबी अक्षर रेषेवर बसते, आपले अक्षर रेषेखाली लोंबते. म्हणून एकाचा अंगरखा दुसऱ्याला बसत नाही, असे ती म्हणाली. तरी इंग्रजीसारखे दिसावे म्हणून काहीजण देवनागरीची शिरोरेषाच काढून टाकतात. मग 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' ओळखताना वाचक अडखळतो.

नवे करू नये, असे मात्र तिचे मत नाही. कमल शेडगे (1935–2020) नाटकांची नावे अशी रेखाटत, की अक्षरांवरूनच नाटकाची जात कळावी. र. कृ. जोशी (1936–2008) यांचा 'मंगल' फाँट जगभरच्या संगणकांवर पोहोचला. मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेच्या 'मोदक' फाँटची अक्षरे मोदकासारखीच गुबगुबीत आहेत. या सर्वांना अक्षराचे मूळ वळण आधी ठाऊक होते.

मग आम्ही तिला आमची फजिती सांगितली. आमच्या शाळेच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाचे पत्रक कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतले होते. गुढी सुंदर, तोरण सुंदर. पण मथळ्यात अक्षरांसारखी दिसणारी भलतीच चिन्हे उमटली. घाईत कोणी वाचून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने तो मथळा जसाच्या तसा वहीत उतरवून आणला आणि विचारले, "गुरुजी, हे कोणते अक्षर?"

वाचकहो, मुंबईच्या मुलाला रस्त्यावर शंभर मराठी पाट्या दिसतात. एक चुकली तर बाकीच्या त्याला सावरतात. आमच्या मॉरिशसच्या मुलाच्या घरी क्रिओल, रस्त्यावर इंग्रजी आणि फ्रेंच. मराठी अक्षर त्याला भेटते ते पुस्तकात आणि अशा पत्रकात. छापलेले तेच त्याला खरे वाटते.

त्या मुलीने उपाय सोपा सांगितला. चित्र यंत्राकडून हवे तर घ्यावे, मजकूर मात्र आपण चांगल्या फाँटमध्ये टाइप करावा. संगणकावर भाषा मराठी निवडावी. नाहीतर कित्येक फाँटमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात. महाराष्ट्र शासनाने 2009 साली या दोन अक्षरांचे मराठी वळण प्रमाण ठरवले आहे. आणि छापण्यापूर्वी कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावे.

परत आल्यावर आम्ही नवे पत्रक केले. वाचून दाखवण्याचे काम त्याच विद्यार्थ्याला दिले. त्याने एक काना राहिलेला पकडला. फॅशन दर वर्षी बदलो. आमच्या मुलांना अक्षर ओळखू यावे, एवढे आपण सांभाळू या.