चार रात्रींची जमा

आमच्या दिवाणखान्यात, पूर्वी जिथे कॅलेंडर टांगलेले असे, तिथे आता एक मोठी तसबीर आहे. लाल-गुलाबी ढगांचा प्रचंड लोट, मध्येच काळ्या फटी आणि मागे मोहरी सांडावी तशा चांदण्या. येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप हातात घेऊन तिच्यापुढे उभा राहतो आणि एकच प्रश्न विचारतो, “हे खरंच असं दिसतं, की कॉम्प्युटरवर केलंय?”

या प्रश्नाला हसण्याचा मला अधिकार नाही. कारण तो सर्वांत आधी मीच विचारला होता. आणि तोही आरोपाच्या सुरात.

आमचा मुलगा सिडनीला नोकरी करतो. अमावास्या जवळ आली की गाडीत दुर्बीण टाकून गावाबाहेर पळायचे, हा त्याचा छंद. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने आम्हालाही गाडीत घातले आणि साडेचारशे किलोमीटरवरच्या कूनाबाराब्रन नावाच्या गावाजवळ एका शेतघरात नेऊन ठेवले. तिथल्या वॉरम्बंगल राष्ट्रीय उद्यानाला २०१६ साली ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. अंधार जपून ठेवण्याची गोष्ट आहे, हे मला तिथे प्रथम कळले.

आपल्याकडे मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला त्रिशंकू दिसतो, तोही क्षितिजालगत, धुरकट हवेत. इथे तो जवळजवळ डोक्यावर होता. सौ. म्हणाली, “अहो, याला इथे तरी स्वर्ग मिळाला म्हणायचा!” त्याच्या शेजारीच कॅरिना तारकासमूहातला तेजोमेघ. पुण्याहून तो फार तर बारा अंश वर येतो, म्हणजे समोरच्या इमारतीच्या पाठीमागेच उगवतो आणि मावळतो. नैर्ऋत्येला ढगाचा एक तुकडा बराच वेळ हलेना, म्हणून मी हवामानाची काळजी व्यक्त केली. मुलगा हसला. तो मोठा मॅगेलनी मेघ होता, एक लाख साठ हजार प्रकाशवर्षे दूर असलेली एक शेजारची दीर्घिका.

दुर्बीण बसवायलाच त्याला तासभर लागला. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सरकतात. दुर्बिणीला त्यांच्या मागे अगदी त्याच गतीने फिरावे लागते. त्यासाठी तिचा आस ध्रुवाकडे नेमका रोखावा लागतो. आपल्याला ध्रुवतारा आयता मिळाला आहे. दक्षिणेला तसा तारा नाही. तिथला जवळचा तारा सिग्मा ऑक्टँटिस इतका फिका आहे की काळ्याकुट्ट रात्रीही शोधावा लागतो. ध्रुवाशिवाय अढळ राहायचे, ही गंमतच होती.

मग त्याने छोट्या दुर्बिणीतून मला कॅरिना दाखवला. मी डोळा लावला आणि पाहतो तो काय, उदबत्तीचा धूर हलकेच पसरावा तसे करडे काहीतरी. लाल नाही, गुलाबी नाही.

“म्हणजे रंग तू भरतोस,” मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. पडद्याकडे वळून कामाला लागला. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाचा हा स्वभाव आहे. व्हाउचर दाखवा, मग नोंद मानतो. पण मुलाशी बोलतानाही आवाज तपासणीसाचाच लागतो, हे मला कळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी समोरच्या डोंगरावरच्या सायडिंग स्प्रिंग वेधशाळेचा पांढरा घुमट पाहायला गेलो. तिथे ३.९ मीटर आरशाची मोठी दुर्बीण आहे. वाटेत मुलाने मला या विद्येची वंशावळच सांगितली. जॉन हर्शेल १८३४ ते १८३८ अशी चार वर्षे आफ्रिकेच्या केपला राहिले आणि हाच तेजोमेघ डोळ्यांनी पाहून त्यांनी हाताने, तारा न् तारा मोजून, चितारला. गंमत अशी की मायदेशी परतल्यावर वर्षभरातच फोटो पक्का करण्यासाठी ‘हायपो’चा उपयोग त्यांनीच दाखवून दिला. पुढे १८८२ साली केपलाच डेव्हिड गिल यांनी एका मोठ्या धूमकेतूचे फोटो घेतले. धूमकेतूमागे इतके तारे उमटले, की दक्षिण आकाशाची फोटोंवरून मोजदाद करायचे ठरले. हॉलंडमध्ये कॅप्टाइन यांनी त्या प्लेटा मोजल्या आणि यादी झाली ४,५४,८७५ ताऱ्यांची. या शेवटच्या पाचाला मी मनोमन नमस्कार केला. लेजर टॅली करणाऱ्यालाच त्याची किंमत कळेल.

आणि रंग? १९७५ साली इंग्लंडहून इथल्या वेधशाळेत आलेले रसायनतज्ज्ञ डेव्हिड मॅलिन यांनी लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीन वेगवेगळ्या कृष्णधवल प्लेटा घेऊन त्या डार्करूममध्ये एकत्र केल्या, आणि तेजोमेघांचे रंग जगाला दिसले. मुलाचा कॅमेराही कृष्णधवलच आहे, रीतही तीच. फक्त डार्करूमच्या जागी कॉम्प्युटर आला. तेजोमेघातला लाल रंग हा तापलेल्या हायड्रोजनचा आहे, ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा. तो तिथे असतोच. आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी अंधारात काम करतात त्यांना रंग कळत नाही, आणि डोळा उजेड साठवूनही ठेवत नाही. क्षणाचा उजेड क्षणात खर्च. कॅमेरा मात्र तीन-तीन मिनिटे जमा करत राहतो.

“पण तू काहीच वाढवत नाहीस?” मी विचारले, या वेळी जरा नरमाईने.

“वाढवतो ना. उजेड खूप ताणून वाढवतो. किती ताणायचा हे मी ठरवतो. काही जण वेगवेगळ्या वायूंना आपल्या पसंतीचे रंग देतात. तेही चालतं, पण तसं सांगायला हवं.”

हिशेबनीसाने आपणहून खुलासा केला की तपासणीसाचे निम्मे काम संपते. उरलेले मी पुढच्या रात्रींत पाहिले. दुर्बिणीवर झाकण ठेवून तो तेवढ्याच वेळाचे फोटो घेई. संपूर्ण अंधारातही कॅमेरा स्वतःचे काही खोटे ठिपके उमटवतो; ते नंतर वजा करायचे. पहाटेच्या एकसारख्या उजेडाचे फोटो घेई. काचेवरच्या धुळीचे डाग त्यात दिसतात. त्यांचाही हिशेब करायचा. इतकी कडक तपासणी आमच्या शाखेत क्वचितच झाली असेल.

रोज साडेतीन तास, चार रात्री. तीन-तीन मिनिटांचे २८० फोटो झाले. वारा, ढग, मध्येच आडवा गेलेला उपग्रह म्हणून चाळीस बाद. राहिले २४०. त्यातला एक त्याने मला पडद्यावर दाखवला. चार-दोन तारे, बाकी काळपट वाळूसारखी खरखर.

“यात काहीच नाही,” मी म्हणालो.

“आहे, बाबा. गोंगाटात बुडालंय. २४० एकत्र केले की खरा उजेड २४० पट होतो, गोंगाट मात्र साडेपंधरा पटच वाढतो.”

त्याने ते एकावर एक ठेवायला सुरुवात केली. करड्या धुरात एक कडा दिसू लागली, मग काळी फट, मग तिच्या काठाने लाली. साडेसात हजार वर्षांपूर्वी निघालेला उजेड हळूहळू खात्यात जमा होत होता. आणि मला एकदम २००१ सालची आमची गच्ची आठवली.

तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून, स्टुलावर ठेवून, शटर उघडे टाकून त्याने छत्तीस फोटोंचा अख्खा रोल आकाशावर संपवला. स्टुडिओवाल्याने रोल धुऊन परत दिला आणि सांगितले, “साहेब, काहीच आलं नाही, म्हणून प्रिंट काढल्या नाहीत.” मी मुलाला सगळ्यांदेखत बोललो. अंधाराचे फोटो काढायला रोल काय झाडाला लागतात? ती निगेटिव्हची पट्टी उजेडाला धरून पाहण्याचेही कष्ट मी घेतले नाहीत. घर रंगवताना ती कधीतरी कचऱ्यात गेली.

“त्या रोलमध्ये काय होतं रे?” मी विचारले.

कोणता रोल, असे त्याने विचारले नाही. पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला, “अगस्त्य होता. आणि बहुतेक मृगाचा तेजोमेघ. मी भिंगातून पाहिलं होतं.”

बाहेर थंडी चांगलीच होती. सौ.ने आणून ठेवलेला चहा गार झाला. मला काही बोलायचे होते, ते जमले नाही. शेवटी म्हणालो, “याची मोठी प्रत काढ. पुण्याला लावू.”

ती आता भिंतीवर आहे. पाहुणे नेहमीचा प्रश्न विचारतात. सौ. माझ्याकडे पाहते. मी सांगतो, “रंग खरे आहेत. हिशेब मी स्वतः तपासलाय.”