संत गोन्सालो गार्सिया आणि निशिझाकाचे सव्वीस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये, नागासाकीजवळच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आलं. त्यांतले एक आपल्या वसईचे होते. संत गोन्सालो गार्सिया हे नाव वसईत चर्चला आहे, महाविद्यालयाला आहे. त्यांचा सण येतो तेव्हा त्यांची कथा पुन्हा सांगितली जाते, आणि दरवेळी तिच्यात थोडी भर पडते, थोडं गळून जातं. कुणी त्यांना फादर करतं, कुणी त्यांच्या तळहातांत खिळे ठोकतं, कुणी जपानी लोकांना सरसकट क्रूर ठरवून मोकळं होतं. या संताचं खरं आयुष्य या सगळ्यापेक्षा कितीतरी मोठं आहे असं मला वाटतं, म्हणून ही उजळणी.

"गोन्सालो गार्सिया धर्मगुरू होते"

नव्हते. ते फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर होते आणि त्यांना गुरुदीक्षा कधीच मिळाली नाही. एवढंच नव्हे, त्या सव्वीस जणांत धर्मगुरू फक्त तीन होते: पेद्रो बाउतिस्ता, मार्तिन दे ला आसेन्सिऑन आणि फ्रान्सिस्को ब्लांको. बाकी तेवीस जणांनी कधी मिस्सा अर्पण केलेली नव्हती.

गोन्सालोंचा जन्म १५५७च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे आली होती. गोन्सालोंच्या लहानपणी इथे किल्ला, चर्चेस, मठ असा सगळा पसारा उभा राहत होता. मुलगा येशूसंघीयांच्या सहवासात वाढला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे तो जपानी बोलायला शिकला आणि धर्मशिक्षक म्हणून वर्षानुवर्षं राबला. येशूसंघात दाखल होण्याची त्याची फार इच्छा होती. ती पुरी झाली नाही. निराश होऊन त्याने व्यापार धरला, त्यात जम बसवला आणि व्यापाराच्याच निमित्ताने तो फिलिपिन्समधल्या मनिलाला पोचला. तिथे फ्रान्सिस्कनांनी त्याला ब्रदर म्हणून आपल्यात घेतलं.

पुढे १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पेद्रो बाउतिस्ता यांना पाठवलं, तेव्हा दुभाषा कोण हा प्रश्न पडला. गोन्सालोंइतकी जपानी येणारा दुसरा माणूस त्या मंडळीत नव्हता. स्पेनच्या बाजूचं म्हणणं हिदेयोशीच्या कानावर वसईच्या माणसाच्या तोंडून पडलं. मला या संताच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याला एका संघाने आत घेतलं नाही, त्याच्या भाषेवर दुसऱ्या संघाचं सगळं काम उभं राहिलं. क्योतोमध्ये या फ्रान्सिस्कनांनी चर्च बांधलं आणि महारोग्यांसाठी इस्पितळं चालवली. रोग्यांशी, शेजाऱ्यांशी, अधिकाऱ्यांशी बोलायला पुढे होत ते गोन्सालो.

"संत अल्फोन्सा या पहिल्या भारतीय संत"

वर्तमानपत्रं २००८ पासून असं लिहीत आली आहेत. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना १२ ऑक्टोबर २००८ रोजी संतपद मिळालं आणि त्या पहिल्या भारतीय महिला संत आहेत, हे बरोबर. पण गोन्सालो गार्सियांना पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी, बाकीच्या पंचवीस जणांसोबत, संत घोषित केलं होतं. भारतात जन्मलेले पहिले घोषित संत तेच. वडील पोर्तुगीज म्हणून त्यांना यादीतून वगळणारे आईला विसरतात. संसारी माणसांपैकी पहिले भारतीय संत म्हणजे देवसहायम पिल्ले. त्रावणकोरच्या दरबारातले हे अधिकारी १७५२ साली गोळ्या घालून मारले गेले आणि २०२२ साली संत झाले.

"मारले गेलेले सगळे परदेशी मिशनरी होते"

सव्वीसपैकी वीस जण जपानचेच होते. चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा. वीस जपान्यांपैकी पावलो मिकी, जुआन दे गोतो आणि दिएगो किसाई हे तिघे येशूसंघीय होते, बाकी सतरा साधी प्रापंचिक माणसं. त्यांत वैद्य होता, सुतार होता, फ्रान्सिस्कनांचा स्वयंपाकी होता. त्यांतला सुतार, फ्रान्सिस्को, मूळ यादीत नव्हताच. कैद्यांची सोबत करायला म्हणून तो वाटेत त्यांच्या मागे लागला आणि पहारेकऱ्यांनी त्यालाही बांधलं. पेद्रो सुकेजिरो नावाच्या दुसऱ्या सोबत्याचंही तसंच झालं. निघताना चोवीस होते ते पोचताना सव्वीस झाले, ते या दोघांमुळे.

आणि तीन मुलं होती. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा, तोमास कोझाकी चौदा. तोमासबरोबर त्याचे वडील मिगेलही होते. वाटेत मिहारा किल्ल्यात मुक्काम पडला असता तोमासने आईला पत्र लिहिलं: माझं आणि बाबांचं दुःख करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ, अशा आशयाचं. ते पत्र आईपर्यंत वेळेत गेलंच नाही, मृत्यूनंतर वडिलांच्या कपड्यांत सापडलं. रक्तसाक्षी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झगा घातलेला दाढीवाला गोरा माणूस येतो. तिथे हा जपानी मुलगा यायला हवा.

"त्यांना खिळे ठोकून क्रुसावर चढवलं"

चित्रांमुळे झालेला समज. जपानमधली क्रुसाची शिक्षा वेगळी होती. दोर आणि लोखंडी कड्यांनी माणसाला क्रुसाला जखडत आणि दोन बाजूंनी भाले खुपसत. मरण लवकर येई. खरे हाल त्याआधीचे होते. क्योतोमध्ये प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला. हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता, तो इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने सौम्य केला. मग गाड्यांत बसवून शहरांतून धिंड काढली, आणि तिथून पुढे ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर नागासाकीपर्यंत चालवत नेलं. वाटेत लोकांनी पाहावं आणि धसका घ्यावा, हाच हेतू.

"हिदेयोशी ख्रिस्तीद्वेष्टा होता, एवढंच कारण"

इतकं सोपं नव्हतं. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीने १५८७ मध्येच काढला होता. पण नंतर जवळजवळ दहा वर्षं त्याची फारशी अंमलबजावणी झाली नाही. मकावहून पोर्तुगीज जहाजं चिनी रेशीम आणत, त्या व्यापाराला येशूसंघीयांची मदत होई, आणि हिदेयोशीला तो व्यापार हवा होता. येशूसंघीय बेताने वागत राहिले. फ्रान्सिस्कन मात्र क्योतोमध्ये उघड उपासना करत, उघड प्रवचनं देत. दोन्ही संघांत यावरून वाद होते. त्यामागे पोर्तुगाल आणि स्पेन यांची चुरसही होती, जरी तेव्हा दोन्ही देशांचा राजा एकच होता.

अशात ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं सान फेलिपे नावाचं मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीच्या माणसांनी माल जप्त केला. जहाजावरच्या एका खलाशाने नकाशा दाखवून स्पेनच्या साम्राज्याची फुशारकी मारली, आधी मिशनरी येतात आणि मागून सैन्य येतं असं काहीतरी तो बोलून गेला, अशी हकिगत आहे. तो नेमकं काय बोलला याबद्दल स्पॅनिश आणि पोर्तुगीज वृत्तांत एकमेकांशी जुळत नाहीत. दोन्ही बाजूंनी दोष दुसऱ्यावर ढकलला. पण कोरियाच्या युद्धात पैसा ओतून बसलेल्या, परक्या सत्तांबद्दल संशयी झालेल्या हिदेयोशीला निमित्त पुरलं. या जहाजावरचा एक प्रवासी होता फेलिपे दे हेसूस, मेक्सिकोचा तरुण फ्रान्सिस्कन. तो गुरुदीक्षा घ्यायला घरी चालला होता. तोही त्या सव्वीसांत गेला.

हे राजकारण सांगितलं की काही भाविकांना वाटतं, आपल्या संतांचं मोल कमी केलं जातंय. मला तसं वाटत नाही. स्पेनला फिलिपिन्स तलवारीने मिळालं होतं आणि हिदेयोशीची भीती निराधार नव्हती. ती भीती ज्यांच्यावर कोसळली ते मात्र महारोग्यांची शुश्रूषा करणारे ब्रदर, त्यांचा स्वयंपाकी आणि बारा वर्षांचा मुलगा होते. पावलो मिकींनी क्रुसावरून अखेरचं प्रवचन दिलं, त्यात आपण जपानीच आहोत हे त्यांनी सांगितलं आणि हिदेयोशीला क्षमा केली. राजकारण समजून घेतल्यावरच त्या क्षमेचं वजन कळतं.

"छळ करणारे नेहमी परधर्मीय असतात"

गोव्याच्या संत जोसेफ वाझांचं उदाहरण घ्या. १६८७ साली ते मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले, कारण तिथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. बंदी घालणारे ख्रिस्तीच होते, प्रोटेस्टंट डच. वाझांना आसरा मिळाला तो कँडीच्या बौद्ध राजाकडे. पोर्तुगीज हेर समजून आधी कैद झाली खरी, पण पुढे राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांना काम करू दिलं. १६९७ च्या देवीच्या साथीत त्यांनी रोग्यांची जी सेवा केली, ती तिथे अजून सांगतात. ते रक्तसाक्षी नव्हेत, १७११ साली कँडीत आजारपणाने वारले. २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संत घोषित केलं गेलं.

आणि हेही इथेच म्हणायला हवं. गोन्सालो वसईत लहानाचे मोठे होत होते, तेव्हा गोव्यात इन्क्विझिशन सुरू होतं. १५६० साली आलेली ही धर्मन्यायसभा मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत चालली. ज्यू वंशाचे नवख्रिस्ती आणि जुन्या हिंदू चालीरीती पाळल्याचा आरोप असलेले धर्मांतरित तिने भरडून काढले. गोव्याच्या साष्टीत देवळं पाडली गेली. निशिझाकाच्या सव्वीस जणांचा सन्मान करणाऱ्याने हे झाकायचं कारण नाही. श्रद्धेवरून माणसाला छळणं जपानमध्ये चूक होतं, तसं गोव्यातही चूकच होतं.

"श्रद्धेच्या झगड्यात मेला तो रक्तसाक्षी"

चर्चचा निकष याहून कडक आहे. मारणाऱ्याने श्रद्धेच्या द्वेषातून मारलेलं असावं आणि मरणाऱ्याने ते स्वीकारलेलं असावं, शस्त्र उचललेलं नसावं. १६३७-३८ मध्ये शिमाबाराला जो उठाव झाला, त्यात बहुसंख्य ख्रिस्ती शेतकरी होते. दुष्काळात वसूल होणारे कर आणि धर्मछळ, दोन्हींनी ते पिचले होते. हारा किल्ल्यात अडकलेले सुमारे ३७,००० जण मारले गेले असं मानतात. शोगुनच्या बाजूने डच जहाजाने किल्ल्यावर तोफा डागल्या. एवढा संहार होऊनही चर्चने या मृतांना रक्तसाक्षी म्हटलेलं नाही, कारण तो सशस्त्र उठाव होता. मला व्यक्तिशः हा निकष त्या भुकेल्या शेतकऱ्यांच्या बाबतीत कठोर वाटतो, पण निकष आहे तो असा.

"सगळे हसत मरणाला सामोरे गेले, आणि मग जपानात ख्रिस्ती उरलेच नाहीत"

दोन्ही चूक. १५९७ ही नुसती सुरुवात होती. तोकुगावा शोगुनांनी १६१४ मध्ये देशभर बंदी घातल्यावर छळाने भयंकर रूप घेतलं. १६२२ मध्ये याच निशिझाकावर एका दिवसात पंचावन्न जण मारले गेले. या छळात अनेकांनी धीर सोडला. १६३३ मध्ये येशूसंघाचे वरिष्ठ क्रिस्तोवाव फेरेरा यांनीही यातना सहन न होऊन श्रद्धा सोडली. संशयितांना येशूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. हजारोंनी पाय ठेवला आणि घरी जाऊन देवाची क्षमा मागितली. त्यांना भेकड म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

कारण श्रद्धा टिकवली ती याच माणसांनी. धर्मगुरू नाहीत, ग्रंथ नाहीत, चर्च नाही, अशा स्थितीत त्यांनी अडीचशे वर्षं बाप्तिस्मा आणि प्रार्थना गुपचूप पुढच्या पिढीकडे दिल्या. गोन्सालो आणि सोबत्यांच्या नावाने नागासाकीत ओउरा चर्च उभं राहिलं. तिथे १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक आले आणि आपण त्याच श्रद्धेचे आहोत असं त्यांनी फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना सांगितलं. त्यानंतरही उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आलं. बंदीचे फलक उतरले ते १८७३ मध्ये.

वसईच्या धर्मशिक्षण वर्गात सणाच्या वेळी गोन्सालोंची गोष्ट सांगणाऱ्यांना एक विनंती. ती सांगताना तोमास कोझाकीचं नाव घ्या, त्या सुताराचंही घ्या. गोन्सालो दुभाषे होते हे सांगा. आणि महाराष्ट्रातून जी तरुण मुलं हल्ली नोकरीसाठी जपानला जातात, त्यांच्यापैकी कुणी नागासाकीला उतरलं तर निशिझाका टेकडी रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. तिथल्या स्मारकाच्या भिंतीवर सव्वीस ब्राँझच्या आकृती आहेत. त्यांतली आपल्या वसईकराची कोणती, हे विचारून घ्या.