इंग्रजीचा सराव : पर्यायावर खूण की स्वतःचे वाक्य?

‘वाशी’ हे गावाचे नाव मराठीत एकाच रीतीने लिहिले जाते. इंग्रजीत मात्र त्याची दोन रूपे रूढ आहेत. नव्या मुंबईतील वाशीचा प्रारंभ ‘व्ही’ या अक्षराने होतो, तर धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्याचे नाव जनगणनेच्या तक्त्यांत व सरकारी याद्यांत ‘डब्ल्यू’ने लिहिलेले आढळते. मराठीतील ‘व’ हा वर्ण इंग्रजीतील या दोन अक्षरांपैकी कोणत्याही एकाशी नेमका जुळत नाही. त्यामुळे दप्तरात एकदा जे अक्षर पडले ते कायम झाले. वाशीच्या शाळेतील एखाद्या चुणचुणीत मुलाने “गुरुजी, यांतले बरोबर कोणते?” असे विचारले, तर गुरुजींनी काय उत्तर द्यावे? उच्चाराच्या दृष्टीने दोन्ही चालतील, परंतु अर्जावर मात्र एकच चालेल, हेच खरे उत्तर होय.

गावाच्या नावाचे जे, तेच माणसाच्या नावाचे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव कोणी ‘डी-एन-वाय’ असा आरंभ करून लिहितो, कोणी ‘जी-वाय’ असा, तर कोणी ‘जे-एन’ असा. शाळेच्या जनरल रजिस्टरात एक रूप, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकात तिसरे पडले, म्हणजे एखादी रक्कम मुलाच्या खात्यावर जमा होण्यापूर्वी पालकांना किती हेलपाटे घालावे लागतात, हे शाळेतील व तहसील कचेरीतील लिपिकांना सांगावयास नको. इंग्रजीचे स्पेलिंग, विरामचिन्हे आणि व्याकरण हा केवळ गुणांचा विषय नाही. खेड्यातील मुलाचे नाव, गाव आणि हक्काचा पैसा त्यात गुंतलेला आहे. म्हणूनच या विषयाचा सराव आपण प्राथमिक शाळेत कसा करून घेतो, हे एकदा नीट तपासले पाहिजे.

सरावाचे सध्याचे स्वरूप

मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी इंग्रजीचा आरंभ पाचवीपासून होत असे. २००० सालच्या जूनपासून तो पहिलीपासून होऊ लागला. या विषयाचा सराव मात्र खऱ्या अर्थाने तापतो तो शिष्यवृत्ती परीक्षेच्या निमित्ताने. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा दीर्घकाळ चौथी व सातवीच्या मुलांसाठी होती. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला घेतली जाऊ लागली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय शासनाने केला. गरीब घरच्या हुशार मुलाला पुढे आणणारी परीक्षा म्हणून तिचे ऋण महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी मान्य केले आहे. प्रस्तुत लेखाचा रोख त्या परीक्षेवर नसून तिच्या छायेत वाढलेल्या सरावावर आहे.

परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात तृतीय भाषा म्हणून इंग्रजीचे पंचवीस प्रश्न व पन्नास गुण असत आले आहेत. प्रश्न बहुपर्यायी. चार पर्यायांतील योग्य तो निवडावा आणि उत्तरपत्रिकेवरील वर्तुळ रंगवावे, एवढेच मुलाने करावयाचे. लक्षावधी उत्तरपत्रिका यंत्राने तपासावयाच्या असल्यामुळे परीक्षा घेणाऱ्यांना हे सोयीचे असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु परीक्षेची सोय ही हळूहळू शिकवण्याची पद्धत बनली आहे. जून महिन्यापासूनच मुलांच्या हाती सरावसंच पडतात. ‘फ्रेंड’ या शब्दाची चार स्पेलिंगे समोर ठेवून बरोबर कोणते, असे विचारले जाते. म्हणजे एका बरोबर रूपाबरोबर तीन चुकीची रूपे मुलाच्या डोळ्यांखालून जातात, आणि ज्याला ते स्पेलिंग अजून पक्के झालेले नाही त्याच्या मनात चौघांचीही छाप सारखीच उमटते. विरामचिन्हांचेही तसेच. चारांपैकी कोणत्या वाक्यात स्वल्पविराम योग्य जागी आहे हे ओळखणारे मूल स्वतःच्या वाक्यात तो देईलच, असे म्हणता येत नाही. कारण स्वतःचे वाक्य लिहिण्याचा प्रसंगच त्याच्यावर आलेला नसतो. वर्षभरात शेकडो वर्तुळे रंगवलेल्या मुलाला “माझे गाव वाशी आहे” एवढे इंग्रजीत लिहावयास सांगितले, तर ते पेन तोंडात धरून बसते, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

मराठी मुलाची अडचण, आणि त्याचे भांडवल

सरावसंच नसताना आपल्याकडे काय होते? घोकंपट्टी होती. “सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर” हा गजर ज्यांनी ऐकलेला नाही असा मराठी शाळेतील विद्यार्थी विरळा. त्या गजराला हसणे सोपे आहे. त्यात निदान कान आणि जीभ कामाला लागत होती. परंतु त्याही पद्धतीत ‘का?’ या प्रश्नाला जागा नव्हती.

मुलाला तो प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. देवनागरीत जसे बोलावे तसे लिहावे, असे त्याला पहिलीत शिकवलेले असते. मग ‘नाइफ’ या शब्दाच्या आरंभी ‘के’ कशासाठी? याचे उत्तर देता येण्यासारखे आहे. एके काळी तो ‘के’ इंग्लंडात उच्चारला जात असे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला. पुढील दोन-अडीच शतकांत छापील शब्दांची रूपे हळूहळू स्थिर होत गेली, उच्चार मात्र पुढे सरकत राहिला. आपल्या भाषेतही असे थोडेफार आहे. ‘चार’ या अंकातील ‘च’ आणि जनावरांच्या ‘चारा’तील ‘च’ आपण एकाच अक्षराने लिहितो, परंतु उच्चार निराळा करतो. एका अक्षराचे दोन उच्चार असू शकतात, हे वाशीचे मूल इंग्रजी शिकण्यापूर्वीच जाणते. ते त्याला दाखवून मात्र दिले पाहिजे.

व्याकरणातही हे भांडवल उपयोगी पडते. इंग्रजीत ‘आय गो’ पण ‘ही गोज’, हा शेवटचा ‘एस’ आपली मुले हमखास विसरतात. मराठीत आपण ‘मी जातो’, ‘तो जातो’ म्हणतो, पण ‘तू जातोस’ म्हणतो. मराठीने ‘स’ ‘तू’ला दिला, इंग्रजीने तो ‘तो’ आणि ‘ती’ला दिला, असे एकदा सांगितले की नियम परका राहत नाही. ‘ए’ आणि ‘ॲन’ यांचा घोळही असाच. पुढील शब्द स्वराने सुरू होत असेल तर ‘ॲन’, हे सर्वांना पाठ असते. आणि तरीही ‘अवर’ या शब्दापाशी मुले चुकतात, कारण ती त्याच्या स्पेलिंगातील ‘एच’कडे पाहतात. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. तोच शब्द देवनागरीत लिहावयास लावला, तर आरंभीचा ‘अ’ आपोआप डोळ्यांत भरतो. ‘युनिव्हर्सिटी’ देवनागरीत लिहिली की तिच्या आरंभीचा ‘य’ दिसतो व तेथे ‘ए’ का, तेही समजते. इतर अनेक ठिकाणी देवनागरी इंग्रजीच्या आड येते असे आपण मानतो. येथे ती दिव्यासारखी उपयोगी पडते.

विरामचिन्हांच्या बाबतीत तर मराठी मुलाचे निम्म्याहून अधिक काम झालेलेच असते. जुन्या मोडी लिखाणात विरामचिन्हे नव्हती, शब्दाशब्दांत अंतर सोडण्याचीही रीत नव्हती. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या द्वारे मराठीत आली. मेजर कँडी यांनी ती येथे रुजवली. तेव्हा मराठीच्या तासाला जे स्वल्पविराम नीट शिकले, त्याला इंग्रजीत तो नव्याने शिकावा लागत नाही. नवीन शिकण्याच्या मुख्य गोष्टी दोनच: मोठी अक्षरे, जी देवनागरीत नाहीत, आणि शब्दाच्या डोक्यावरचे संबंधदर्शक चिन्ह. या दोन गोष्टींवर भर द्यावा, बाकीची चिन्हे मराठीच्याच वहीत पक्की करून घ्यावीत. पण मराठीच्या लेखनाची आबाळ करून इंग्रजीची विरामचिन्हे घोटवणे, हे उंबरठा न ओलांडता माडीवर जाण्यासारखे आहे. १९६२ साली शासनमान्य झालेले आणि १९७२ मध्ये चारांची भर पडून अठरा झालेले मराठी शुद्धलेखनाचे नियम आज किती शाळांत समजावून दिले जातात?

इंग्लंडातही हाच वाद

ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांच्याकडे तरी हा प्रश्न सुटला आहे काय? इंग्लंडात २०१३ साली प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्षातील, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी व्याकरण, विरामचिन्हे व स्पेलिंग यांची स्वतंत्र चाचणी सुरू झाली. तेव्हापासून तेथील शिक्षक व लेखक तिच्याविषयी वाद घालीत आले आहेत. व्याकरणातील संज्ञा ओळखता आल्याने मूल चांगले लिहू लागते काय, हा त्या वादाचा गाभा. त्याआधी २००४ मध्ये यॉर्क विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, वाक्यरचनेचे व्याकरण औपचारिक रीतीने शिकवल्यामुळे मुलांचे लेखन सुधारते असा भक्कम पुरावा आढळत नाही, असा निष्कर्ष निघाला होता. मात्र तेथील चाचणीत एक गोष्ट आपल्यापेक्षा निराळी आहे. तेथे स्पेलिंगचे वीस शब्द शिक्षक वाचून दाखवतात आणि मुलाला ते स्वतःच्या हाताने लिहावे लागतात. आपल्या परिभाषेत ते श्रुतलेखन होय. जे आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आणि आज पर्यायांच्या गर्दीत मागे पडले, ते तेथे टिकून आहे.

वाशीच्या मुलाची कसोटी

वाशीसारख्या तालुक्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कचेरीची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असणे, हे येथील शेतकऱ्याला नवे नाही. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. आजोबांनी उजवीकडून डावीकडे लिहिणे शिकले, वडील मराठीत शिकले, आणि नातवाकडून आज इंग्रजीची अपेक्षा आहे. त्या मुलाला “इंग्रजी कशाला हवी?” असे विचारण्याचा अधिकार शहरात बसून आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्यांना नाही. त्याला ती हवीच आहे. पण जी मिळते ती कशी मिळते?

शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. दोघांनी चार-पाच इयत्ता आणि सर्व विषय सांभाळावयाचे. त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतः इंग्रजी पाचवीपासून, तेही ऐकण्या-बोलण्याविना, शिकलेली असते. अशा शिक्षकाने सरावसंचाचा आधार घेतला तर त्याला बोल लावता येत नाही. ‘असर’ या पाहणीत २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे पाव मुलांनाच साधी इंग्रजी वाक्ये वाचता आली. वाचताच येत नाही त्याच्यापुढे पर्याय ठेवणे म्हणजे त्याला अंदाज बांधावयास शिकवणे होय.

त्यात या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शिष्यवृत्तीची परीक्षा सर्वसाधारणपणे फेब्रुवारीत होत आली आहे; म्हणजे नेमकी हंगामाच्या मध्यावर. जी मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात ती परीक्षेला बसू शकतात. जी फडावर जातात त्यांचा सराव नोव्हेंबरातच संपतो. अशा मुलाच्या पिशवीत कोणती इंग्रजी जावी? सरावसंचातील पाठ केलेली उत्तरे चार महिन्यांत पुसून जातात. स्वतः रचलेले आणि वहीत लिहिलेले वाक्य मात्र त्याच्याजवळ राहण्याची शक्यता अधिक असते.

काय करता येईल?

यासाठी नवी योजना, नवे पुस्तक किंवा यंत्र लागत नाही. शाळेत शुद्धलेखनाची वही आहेच. त्या वहीच्या एका पानावर रोज इंग्रजीचे एक वाक्य मुलाने स्वतःचे लिहावे. आरंभी आपले नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा. आणि तेही कागदपत्रांत ज्या अक्षरांनी नोंदले आहे त्याच अक्षरांनी. मोठी अक्षरे कोठे येतात हे शिकवण्यास यापेक्षा चांगला धडा नाही. पुढे घर, शेत, बैल, आठवड्याचा बाजार. शिक्षकाने प्रत्येक वाक्यातील सगळ्या चुका लाल शाईने न माखता एकच चूक दाखवावी आणि ती दुसऱ्या दिवशी सुधारून घ्यावी. आठवड्यातून एकदा दहा शब्दांचे श्रुतलेखन व्हावे. सरावसंच परीक्षेच्या अगोदर दोन महिने उघडला तरी पुरे. परीक्षेची रीत कळण्यासाठी तेवढा अवधी पुष्कळ आहे.

शासनाकडेही एक मागणी करावीशी वाटते. शिष्यवृत्तीचा पेपर यंत्राने तपासावयाचा असेल तर तसाच राहू द्यावा. परंतु शाळेच्या मूल्यमापनात मुलाने स्वतः लिहिलेल्या तीन इंग्रजी वाक्यांना गुण असावेत, आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी किती मुले शिष्यवृत्तीधारक झाली हे विचारण्यापूर्वी मुलांच्या वह्या पाहाव्यात. कारण शाळेत जे तपासले जाते, तेच शाळेत शिकवले जाते.

फेब्रुवारीत परीक्षा देणारे आणि त्याच महिन्यात फडावर असणारे, या दोन्ही मुलांना पुढे केव्हातरी बँकेत, तहसीलात किंवा पुण्याच्या एखाद्या कारखान्याच्या दारात इंग्रजी अर्ज भरावा लागणार आहे. तेथे चार पर्याय दिलेले नसतात. कोरी ओळ असते. ती ओळ त्या मुलाने दुसऱ्याकडून भरून न घेता स्वतः भरावी, एवढे प्राथमिक शाळेने साधले तरी इंग्रजी पहिलीपासून शिकवल्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.