क्लचची थोडी ढील

हैदराबादेत एकदा आम्हांस एका लहानशा नटाचे मोल कळले. एका कुटुंबातील वृद्ध आजींना इस्पितळात दाखवावयाचे होते, म्हणून त्यांच्या जुन्या मारुती 800 मधून आम्हीही सोबत निघालो. बंजारा हिल्सच्या चढावर इंजिन नुसते गर्जू लागले. गाडी मात्र पुढे सरेना. जळका वास सुटला. जवळच्या एका दुकानात संपूर्ण क्लच बदलण्यास सांगण्यात आले. आजींच्या औषधपाण्याचे पैसे त्यातच संपले असते.

सुदैवाने दुसरे एक वृद्ध मिस्त्री भेटले. त्यांनी पेडल हाताने दाबून पाहिले व म्हणाले, “ढील बिल्कुल नहीं, फादर. थोडी होना.”

वाचकहो, त्याचा अर्थ असा. क्लचच्या पेडलपासून गिअरबॉक्सवरील दांडीपर्यंत एक तारेची केबल जाते. पेडल दाबताच ती दांडी ओढली जाते व इंजिन चाकांपासून अलग होते. पेडलचा आरंभीचा थोडा प्रवास मात्र मोकळा असावा लागतो, हीच ढील. प्लेट झिजते तसतशी ढील कमी होत जाते. ती संपली, की पाय उचलला तरी क्लच किंचित दाबलेलाच राहतो. प्लेट घसरते, तापते व जळते. उलट ढील फार झाली, तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना खरखर होते.

मिस्त्रींनी इंजिन थंड होऊ दिले, केबलच्या टोकाचा नट थोडा सैल केला आणि गाडी चढ चढून गेली. प्लेट अद्याप शिल्लक होती, म्हणूनच हे साधले. ढील राखूनही गाडी घसरत असेल, तर प्लेट बदलणेच प्राप्त आहे.

मारुती 800 ही 1983 साली रस्त्यावर आली व 2014 साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आपल्या अंगणातील अशी गाडी आता वयस्कच समजावी. महिन्यातून एकदा इंजिन बंद करून पेडल हाताने दाबून पाहावे. बहुतेक लहान मोटारींत ढील 10 ते 30 मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. नट सैल केल्यास ढील वाढते, आवळल्यास घटते. केबलच्या तारा उसवल्या असतील, तर केबलच बदलावी. काही नव्या गाड्यांत मात्र केबलऐवजी तेलाच्या दाबाने क्लच चालतो. तेथे हा नट शोधू नये.

आणखी एक विनंती. चालवताना डावा पाय पेडलवर विसावू देऊ नये आणि चढावर गाडी क्लचवर नव्हे, तर हातब्रेकवर थांबवावी. त्या दिवशी आजी वेळेवर इस्पितळात पोहोचल्या आणि त्यांच्या औषधांचे पैसे औषधांसाठीच उरले.